बंदुकीच्या दस्त्यासाठी पटाश्या निवडताना

लाकडी दस्त्याच्या कामाचे सरळ दोन भाग पडतात. मूठ, गालाखालचा उंचवटा, खांद्याला टेकणारे टोक हे बाहेरचे अंग कानस, रास्प (जाड दातांची लाकूडकानस) आणि स्पोकशेव्हने (दोन मुठींच्या छोट्या रंध्याने) घडते. तिथे अर्धा मिलिमीटर कमीजास्त झाला तरी हाताला कळत नाही. ॲक्शन (बंदुकीचा मधला यांत्रिक भाग), नळी, मॅगझिन आणि ट्रिगर गार्ड ज्या खोबणीत बसतात ते आतले अंग. तिथे अर्धा मिलिमीटर जास्त गेला की फट कायमची राहते. पटाशीचा कस या आतल्या कामात लागतो, म्हणून हत्यारांवरचा मोठा खर्चही त्याच्याचसाठी राखून ठेवावा.

बाजारात बारा-बारा नगांचे कोरीव कामाचे संच मिळतात. ते फुलापानांच्या नक्षीसाठी बनवलेले असतात. दस्त्याच्या कामात त्यातली निम्मी हत्यारे पेटीतून बाहेरच येत नाहीत, आणि टँगच्या (ॲक्शनच्या मागे निघालेल्या पट्टीच्या) गोल टोकासाठी जी पटाशी हवी ती नेमकी त्यात नसते. संच घेऊ नका. आधी धातू मोजा, मग एकेक हत्यार घ्या.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवा. शस्त्र अधिनियम १९५९ मधल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. परवान्याच्या बंदुकीचा दस्ता बदलायचा असेल तर काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्यामार्फत करा. हात बसवायचा असेल तर परवाना न लागणाऱ्या एअर रायफलचा दस्ता चांगला. तिची खोबणही सोपी असते.

आधी व्हर्नियर, मग दुकान

ॲक्शन सुटी करा आणि वहीत पुढची मापे लिहा: नळीचा व्यास दर पाच सेंटिमीटरला, ॲक्शनची रुंदी, रिकॉइल लगची (धक्का लाकडावर टेकवणाऱ्या ॲक्शनखालच्या ठोकळ्याची) रुंदी, जाडी आणि खोली, टँगची रुंदी आणि तिच्या टोकाची गोलाई, ट्रिगर गार्डच्या दोन्ही टोकांची गोलाई, मॅगझिन पेटीच्या कोपऱ्यांची गोलाई. बोल्ट ॲक्शनच्या शिकारी रायफलची नळी चेंबरजवळ (काडतूस बसते तिथे) साधारण ३० मिमी असते आणि पुढे निमुळती होत जाते. म्हणजे एकाच खोबणीत गोलाई सतत बदलते, आणि एका गोल पटाशीने सगळी खोबण नीट होत नाही.

सपाट पटाशीचे माप ठरवणे सोपे आहे. ती खाचेपेक्षा थोडी अरुंद हवी. लगची खाच ८ मिमी जाड असेल तर ६ मिमीची पटाशी घ्या. नेमकी ८ मिमीची घेतली तर दोन्ही कडा एकदम भिंतींना घासतात आणि एकही भिंत स्वच्छ निघत नाही. आपल्याकडे दुकानदार अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे साधारण ३.२ मिमी. एक सूत, दोन सूत, चार सूत आणि सहा सूत अशा चार सपाट पटाश्यांत दस्त्याचे सपाट काम पूर्ण होते.

गोल पटाशीचे माप ठरवताना मात्र बहुतेकांची गल्लत होते. तिच्यावरचा क्रमांक गोलाई सांगतो, पण ती किती मिलिमीटरची हे सांगत नाही. शेफील्डच्या जुन्या पद्धतीत १ म्हणजे सपाट, २ म्हणजे तिरकी, ३ म्हणजे जेमतेम वाकलेली, आणि ९ म्हणजे अर्धवर्तुळ. स्विस पद्धतीत २ क्रमांकालाच थोडी गोलाई असते, त्यामुळे दोन देशांच्या पटाश्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय एकाच क्रमांकाची रुंदी वाढली की तिची त्रिज्याही वाढते. ७ क्रमांकाची ६ मिमी आणि ७ क्रमांकाची २० मिमी ही दोन अगदी वेगळ्या वर्तुळांची हत्यारे आहेत.

म्हणून त्रिज्या स्वतः काढा. पटाशीची धार कागदावर सरळ उभी दाबून ठसा घ्या. ठशाच्या दोन टोकांमधले अंतर म्हणजे रुंदी, आणि त्या टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून कमानीच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे खोली. रुंदीचा वर्ग करा, त्याला खोलीच्या आठपटीने भागा आणि त्यात निम्मी खोली मिळवा. उदाहरणार्थ, रुंदी १२ आणि खोली २ मिमी असेल तर १४४ भागिले १६ म्हणजे ९, अधिक १, म्हणजे त्रिज्या १० मिमी. रुंदी १० आणि खोली दीड असेल तर त्रिज्या साधारण ९ मिमी येते.

आता नळीच्या ज्या भागाचा व्यास २० मिमी आहे तिथे यातली कुठली घ्यावी? ९ वाली. खोबणीपेक्षा किंचित जास्त वळलेली गोल पटाशी मधे बारीक उंचवटे सोडत जाते, आणि ते स्क्रेपरने सहज निघतात. खोबणीपेक्षा सपाट पटाशी घेतली तर तिचे दोन्ही कोपरे लाकडात रुततात, आणि त्या लांब ओरखड्यांची खोली गाठेपर्यंत सगळी खोबण खाली न्यावी लागते. तोवर नळीभोवती कागद नव्हे, पुठ्ठा सरकेल एवढी फट झालेली असते.

धार आतून की बाहेरून

दस्त्याच्या कामात सर्वात महत्त्वाचा निर्णय हाच आहे. गोल पटाशीचा उतार फुगीर बाजूला असेल तर तिला बाहेरून धार, खोलगट बाजूला असेल तर आतून धार. कोरीव कामाच्या बहुतेक पटाश्या बाहेरून धारेच्या असतात. खोबणीचा तळ खरवडायला त्याच योग्य, कारण उतार लाकडावर टेकवून पटाशी पुढे सरकवता येते आणि खोली हाताच्या ताब्यात राहते.

टँगच्या टोकाशी परिस्थिती उलटी होते. तिथे पटाशी उभी धरून लाकडात उतरवायची असते, तिची फुगीर बाजू राखायच्या भिंतीकडे आणि खोलगट बाजू टाकाऊ लाकडाकडे. बाहेरून धार असेल तर उतार राखायच्या भिंतीवर पाचरीसारखा दाबतो. भिंत उभी उतरत नाही, वरची कड दबते, आणि पॉलिश केल्यावर तिथे टँगभोवती काळी रेघ दिसते. आतून धारेच्या पटाशीची बाहेरची बाजू सरळ असल्याने भिंत उभीच्या उभी कापली जाते. म्हणून टँगच्या टोकाच्या गोलाईची एक आणि ट्रिगर गार्डच्या टोकाच्या गोलाईची एक, अशा आतून धारेच्या दोन पटाश्या घ्याच. तंतोतंत गोलाई मिळाली नाही तर थोडी लहान गोलाई घेऊन दोन-तीन सरकत्या कापांत वळण पूर्ण करता येते. मोठी गोलाई घेतली तर ते जमत नाही.

वाकलेल्या मानेची हत्यारे दोन पुरतात. एक चमच्यासारखी वाकलेली गोल पटाशी, ६ ते ८ मिमी रुंद, खोल तळाचे कोपरे साफ करायला. दुसरी सपाट, पण मूठ पात्यापेक्षा वर उचललेली, म्हणजे लांब खोबणीत पाते तळावर पूर्ण टेकते आणि बोटे दस्त्याच्या काठावर आपटत नाहीत. उलट बाजूला वाकलेल्या पटाश्या दस्त्यात जवळपास लागतच नाहीत.

पोलाद, पाठ आणि मूठ

सपाट पटाशी घेताना आधी तिची पाठ बघा. पोलादी पट्टी पाठीवर उभी ठेवून उजेडासमोर धरा. मध्यभागी किंचित खोलगट असेल तर चालेल, दगडावर धारेजवळचा भाग लवकर सपाट होतो. फुगीर असेल तर परत करा. फुगीर पाठीची पटाशी भिंतीला टेकवून चालवली की भिंतीपासून दूर सरकत राहते, आणि सरळ खोबण होतच नाही. बाजूच्या कडा उतरलेल्या, धारेजवळ पातळ असाव्यात. जाड चौकोनी कडांची पटाशी कोपऱ्यात शिरली की शेजारची भिंत चेपते.

पोलादाची चांगली कठीणता रॉकवेल सी मापावर साधारण ५८ ते ६२ असते. दुकानात मोजायचे यंत्र नसते, पण बारीक कानस असू शकते. धारेजवळ कानस फिरवा. ती घसरली तर पोलाद कठीण आहे, सहज चावली तर मऊ. दुकानदार नाही म्हणाला तर घरी करा, पण आधी एकच नग घ्या.

लोहाराकडून घडवून घेण्याचा मार्गही चांगला आहे, विशेषतः आतून धारेच्या पटाश्यांसाठी, कारण त्या तयार मिळणे कठीण. मोटारीच्या पाट्याचे पोलाद सगळीकडे मिळते, पण त्यात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो. ते चिवट असते, मोठ्या ढलप्या काढायला ठीक, पण बारीक धार फार वेळ टिकत नाही. जुन्या चांगल्या कानशीत कार्बन १ टक्क्याच्या वर असतो, म्हणून बारीक पटाशीसाठी कानस द्या. मात्र कानशीचे दात आधी घासून काढायला सांगा, कारण दातांच्या खाचांतूनच पुढे तडे जातात. पाणी दिल्यावर पुन्हा हलका ताव देऊन पिवळसर रंगावर थांबायला हवे. तो ताव दिला नाही तर धार काचेसारखी तुकड्यांनी गळते.

मुठीबाबत मते वेगळी असतात. दस्ता शिकंज्यात पक्का बसवलेला असेल तर दोन्ही हात मोकळे असतात, आणि मग २०० ते २५० मिमी लांबीची पटाशी सर्वात चांगली ताब्यात राहते. टँगभोवतीच्या नाजूक कामाला तळहातात मावणारी १२५ ते १४० मिमीची आखूड पटाशी बरी. अष्टकोनी किंवा कडा असलेली मूठ बाकावरून घरंगळत खाली जात नाही. मोगरी हलकी, ३०० ग्रॅमच्या आसपासची, गोल डोक्याची घ्या. इथे जोराचे घाव घालायचे नसतात, टिचक्यांनी काम चालते.

धार लावणे

नव्या पटाशीची दुकानातली धार कामाची नसते, मग ती कुठल्याही कंपनीची असो. अक्रोडासाठी सपाट पटाशी हाताने सरकवायची असेल तर २५ अंश, मोगरीने ठोकायची असेल तर ३० अंश ठेवा. शिसम कठीण असल्याने त्याला ३० ते ३२. सागवानात सिलिका असते, त्यामुळे कोन कितीही योग्य असला तरी धार लवकर जाते. सागावर काम असेल तर दगड बाकावरच ठेवा. बाहेरून धारेच्या गोल पटाशीला बाहेर २० ते २२ अंशांचा उतार आणि आतल्या बाजूने जेमतेम ५ अंशांचा बारीक उतार द्या. त्याने धार मजबूत होते.

हजार नंबरचा दगड, मग चार हजाराचा, शेवटी क्रोमियम ऑक्साइड चोळलेला चामड्याचा पट्टा एवढे पुरते. गोल पटाशी दगडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखी फिरवा. मधेच जास्त वेळ घासली तर मधला भाग मागे जातो, कोपऱ्यांवर घासली तर कान (धारेची दोन्ही टोके) झिजतात. उभ्या कापाच्या पटाशीचे कान झिजलेले असतील तर टँगच्या कोपऱ्यात काप जुळत नाहीत. आतली भुरी (धारेवर वळलेला पोलादाचा बारीक पदर) काढायला गोलाईपेक्षा किंचित लहान गोल काठाचा दगड लागतो. तो नसेल तर त्या जाडीच्या लाकडी दांड्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळा.

विजेच्या सहाणेवर धार निळी झाली तर तिथले पाणी उतरले, म्हणजे पोलाद मऊ पडले. साध्या कार्बन पोलादाला हा रंग साधारण ३०० अंश सेल्सियसला येतो. निळा भाग पूर्ण घासून टाकल्याशिवाय ती धार टिकणार नाही. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, किंवा शेवटचे काम हातानेच करा.

धार लागल्यावर देवदार किंवा पाइनच्या फळीचे आडवे तोंड ताशीव करून बघा. कापलेला भाग चकचकीत दिसला पाहिजे. पांढुरका, चुरगळलेला दिसला तर धार कमी आहे. मग दस्त्याच्याच लाकडाच्या तुकड्यावर वीस-पंचवीस टिचक्या मारून धार भिंगाखाली पाहा. धार वळली असेल तर पोलाद मऊ किंवा कोन फार बारीक, तुकडे गेले असतील तर पोलाद ठिसूळ. पण लगेच निकाल देऊ नका. कारखान्यात घासताना टोकाचा एखादा मिलिमीटर तापून बिघडलेला असतो. तेवढे घासून पुन्हा परीक्षा घ्या. बऱ्याच पटाश्या दुसऱ्या परीक्षेत उत्तम ठरतात.

काजळी आणि ताशीव

लंडन आणि बर्मिंगहॅमचे दस्ता बसवणारे कारागीर धातू लाकडात बसवण्यासाठी दिव्याची काजळी वापरत आले आहेत, आणि त्यापेक्षा चांगली युक्ती नाही. रॉकेलच्या चिमणीवर ॲक्शनचा खालचा भाग धरून पातळ काजळी बसवा. ॲक्शन खोबणीत सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. जिथे काळा ठिपका उमटला तिथेच लाकूड लागते आहे. तेवढाच ठिपका पातळ सालीने काढा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. हे पुष्कळ वेळा करावे लागते, आणि इथे घाई करण्याला काहीही अर्थ नाही.

सुरुवातीला स्क्रूची भोके काटकोनात पाडून त्यात मार्गदर्शक दांडे बसवा, म्हणजे ॲक्शन दर वेळी त्याच जागी उतरते. रेषेवर लगेच उभा काप घेऊ नका. रेषेच्या आत एक मिलिमीटर सोडून काप घ्या, मधले लाकूड काढा, मग उरलेला मिलिमीटर पातळ सालींनी रेषेपर्यंत आणा. भरीव लाकडात रेषेवरच पटाशी ठोकली तर टाकाऊ लाकडाला सरकायला जागा नसते आणि दाब राखायच्या बाजूला जातो.

ॲक्शन हातोडीने ठोकून बसवू नका. ठोकल्यावर सगळ्या भिंतींवर खोटे काळे डाग उमटतात, तुम्ही नको तिथे लाकूड काढता, आणि बाहेर काढताना काठाची खपली निघते. तिरकी उचलली तरीही खपली निघते.

कुठे घट्ट आणि कुठे सैल हेही ठरलेले आहे. रिकॉइल लगची मागची बाजू लाकडाला पूर्ण टेकली पाहिजे, कारण गोळीचा धक्का तिथेच झेलला जातो. लगच्या पुढे, बाजूंना आणि खाली थोडी मोकळीक ठेवा. टँगच्या मागे अर्धा मिलिमीटरपर्यंत फट हवीच. दिसायला घट्ट जोड सुंदर दिसतो म्हणून पुष्कळजण ती ठेवत नाहीत. मग धक्क्याने टँग पाचरीसारखी मागे घुसते आणि मनगटाच्या भागात (मुठीजवळच्या बारीक भागात) उभा तडा जातो. जुन्या दस्त्यांमध्ये टँगमागचा तडा वारंवार दिसतो, आणि बऱ्याचदा त्याचे मूळ लगच्या मागे राहिलेल्या फटीत असते.

मनगटाशी लाकडाच्या रेषा दिशा बदलतात, तिथे पटाशी एकदम खोल बुडते. साल काढताना ती पुढे उचकटते आहे असे वाटले की थांबा आणि उलट दिशेने या. दोष पटाशीचा नसतो, रेषांचा असतो. लाकूड निवडतानाच मनगटातून रेषा त्याच्या लांबीला धरून सरळ जाणारी फळी घेतली तर ही अडचण निम्मी होते. काश्मिरी अक्रोडाची फळी पूर्ण वाळलेली असावी. ओल्या लाकडात कितीही नेटकी खोबण केली तरी ती वाळताना आकसते आणि ॲक्शन अडकते.

काय आधी घ्यावे

पैसे मोजके असतील तर हा क्रम ठेवा: दोन सूत आणि चार सूत सपाट, टँगच्या गोलाईची आतून धारेची एक, नळीच्या मधल्या व्यासाची बाहेरून धारेची एक, आणि दगड. एवढ्यावर एअर रायफलचा दस्ता पूर्ण होतो. नंतर एक सूत आणि सहा सूत, मग वाकलेल्या मानेच्या दोन. नळीच्या खोबणीसाठी एका दांड्यावर ओवलेल्या पोलादी चकत्यांचे स्क्रेपर मिळते. एकापेक्षा जास्त दस्ते करणार असाल तरच ते घ्या. एका दस्त्यासाठी नळीच्या व्यासाच्या दांड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी इथे सुट्या पटाश्या हातात घेऊन बघता येतात. पाठ आणि कडा तपासायच्या असल्याने पहिली खरेदी तरी समक्षच करा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याचा विचार आत्ताच करा. चामड्याच्या गुंडाळीत पटाश्या ठेवू नका. चामडे ओल धरते आणि एका पावसात पाठीवर गंजाचे खड्डे पडतात. कॅनव्हासची गुंडाळी आणि दर वापरानंतर मशीनच्या तेलाचा पुसट हात पुरेसा आहे. अक्रोडाची बारीक धूळ काहींच्या श्वासाला आणि कातडीला त्रास देते. पटाशीच्या ढलप्यांनी तेवढा होत नाही, पण पॉलिश पेपर हातात घेतला की मास्क लावा.

मुठीवरच्या चेकरिंगची (पकडीसाठी कोरलेल्या आडव्यातिडव्या रेषांच्या जाळीची) हत्यारे अगदी शेवटी घ्या. ती पटाश्या नसून दातेरी रेषा-हत्यारे असतात, आणि त्यांचे माप इंचाला किती रेषा असे सांगतात. सुरुवात १८ किंवा २० ने करा. २४ रेषांचे काम दाट, कठीण अक्रोडातच टिकते. मोकळ्या छिद्रांच्या सागात हिऱ्यांची (रेषांमधल्या टोकदार चौकटींची) टोके गळून पडतात, तिथे १८ च्या वर जाऊ नका. रेषा आखायला ६० अंशांचे आणि हिरे टोकदार करायला ९० अंशांचे, असे दोन कोन लागतात. हिऱ्याची लांबी रुंदीच्या तीन ते साडेतीन पट ठेवा. कडेच्या रेघेसाठी लहान व्ही आकाराची पटाशी हवी. व्ही पटाशीला धार लावणे गोल पटाशीपेक्षा कठीण असते, कारण दोन्ही बाजू नेमक्या टोकाशी भेटाव्या लागतात. तिथे बारीक काटा राहिला तर तो रेघेच्या तळाशी लाकूड फाडत जातो. बाहेरून कोपरा हलकासा गोल केला की काटा जातो.